शरभाची मूठ: स्वतः आखलेल्या तलवारीचा वापरानंतरचा अनुभव

तलवारीचं पातं मी जर्मनीतल्या एका लोहाराकडून नुसतंच घेतलं, मूठ नसलेलं. पाते आणि पकड यांच्यामध्ये हाताचं रक्षण करणारा आडवा गार्ड, पकड आणि मुठीच्या शेवटी येणारा वजनाचा गोळा, ज्याला इथे सगळे पॉमेल म्हणतात, हे तिन्ही भाग मी स्वतः आखले. एका छोट्या फाउंड्रीने ते मेणाच्या नमुन्यांवरून ब्राँझमध्ये ओतून दिले. पातं ९० सेंटीमीटरचं आहे आणि पूर्ण तलवार दीड किलोच्या आत बसते. एक अख्खा हिवाळा आणि उन्हाळा ती नियमित हातात आहे: एकटीने करायचे हात, आणि अधूनमधून भिजवलेल्या चटईच्या गुंडाळ्यांवर प्रत्यक्ष काप. जोडीदाराबरोबरचा सराव फेडरनेच, म्हणजे सरावासाठीच्या बोथट, लवचिक तलवारीनेच होतो, त्यामुळे ही मूठ कधी दुसऱ्या पात्याचा घाव झेलत नाही. अनुभव वाचताना हे लक्षात असू द्या.

कल्पना अद्भुतरम्य होती आणि ती तशीच राहावी अशी माझी इच्छा होती. किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ, सिंहासारखा दिसणारा काल्पनिक पशू, लहानपणापासून डोक्यात होता. मुरुड-जंजिऱ्याच्या दरवाज्याशी पंजांत हत्ती धरलेला पशू ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. काल्पनिक तलवारींची चित्रं पाहिली की गार्डला पंख, शिंगं, काटे दिसतात. कागदावर ते देखणे असतात, पण मनगट फिरलं की तेच काटे हाताला टोचतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला दख्खनी खंजीर आहे. त्याच्या तांब्याच्या मुठीवर सोन्याचा मुलामा आहे, माणकं जडवली आहेत. ड्रॅगन सिंहावर तुटून पडलाय आणि सिंह हरणावर. इतकी झुंज चालू असूनही सगळी अंगं एकमेकांत वळून मिटलेली आहेत, पकडीच्या रेषेबाहेर फारसं काही जात नाही. कल्पनेचा प्राणी हातात कसा धरायचा, हे आपल्याच मुलखातल्या कारागिरांना चांगलं ठाऊक होतं. माझ्या आराखड्याचा आधार तोच खंजीर आहे, कुठलंही चित्रपटातलं शस्त्र नाही.

मग शरभ बसवायचा कुठे? गार्डच्या मधोमध तोंड काढणं सगळ्यात सहज सुचतं. पण जर्मन लांब तलवारीच्या पद्धतीत आडवा घाव घालताना अंगठा पात्याच्या सपाट भागावर टेकतो, आणि त्याचं मूळ गार्डच्या मध्यावर घासतं. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला प्लास्टिकचा गार्ड लाकडी तलवारीला बांधून पाहिला तेव्हा शरभाचं नाक नेमकं तिथेच येत होतं. म्हणून मध्यभाग कोरा ठेवला आणि डोकी दोन्ही टोकांना नेली, पात्याच्या बाजूला किंचित झुकलेली. पॉमेलवरही हात येतोच, डावा तळवा जवळजवळ कायम. तिथे चाकासारखा चपटा गोल घेतला आणि नक्षी दोन्ही चेहऱ्यांच्या खोलगट वर्तुळात उतरवली. युरोपातल्या मध्ययुगीन चाक-पॉमेलांवर कुळचिन्हं अशीच खोलात बसवलेली दिसतात. इतके महिने वापरून आज सांगते, हातमोजा न घालता तासभर सराव केला तरी कुठे फोड नाही.

वजनाबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण हौशी आराखडे इथेच फसलेले मी पाहते. पॉमेल ही आधी मोजायची गोष्ट आहे, आकार नंतर. मोकळ्या टँगच्या, म्हणजे मुठीत शिरणाऱ्या पात्याच्या अरुंद शेपटाच्या, शेवटाला लोखंडी वॉशर टेपने गुंडाळून, गार्ड आणि पकडीचं अंदाजी वजन बांधून तलवार फिरवून पाहिली. ३४० ग्रॅमला तोल गार्डपुढे सुमारे ६ सेंटीमीटरवर आला. टोक इतकं हलकं झालं की चटईत पातं शिरायचं, पण पुढे ओढलं जायचं नाही. २६० ग्रॅमला तोल साडेसातवर गेला आणि काप सरळ जाऊ लागला. ब्राँझची घनता घनसेंटीमीटरला साधारण ८.८ ग्रॅम, म्हणजे माझ्याकडे जेमतेम ३० घनसेंटीमीटर धातू होता. त्यात जो शरभ मावला तोच खरा. उलट करून पाहा, आधी सुंदर गोळा कोरा आणि मग तोल शोधा, तर शेवटी ड्रिलने पोखरत बसावं लागतं.

ओतकामाबद्दल दोनच गोष्टी. ब्राँझ थंड होताना दीड-दोन टक्के आकसतं, म्हणजे २० सेंटीमीटरच्या गार्डमध्ये ३-४ मिलिमीटर गेले, ते आराखड्यातच वाढवून द्यावे लागतात. आणि पात्यासाठीची खाच मुद्दाम अरुंद ओतून घ्यावी, मग कानशीने घासत पात्याच्या खांद्यांवर घट्ट बसवावी. पहिल्या गार्डच्या एका टोकाला हवेची बारीक छिद्रं निघाली. फाउंड्रीने कुरकुर न करता पुन्हा ओतून दिला.

सगळ्यात जास्त समाधान पकडीने दिलं. माझा पंजा लहान आहे आणि बाजारातल्या तयार मुठी मला नेहमी जाड वाटतात. बीच लाकडाचा गाभा लंबगोल तासला, त्यावर तागाची दोरी गुंडाळली आणि वरून पातळ बकरीचं कातडं चिकटवलं. लंबगोलामुळे डोळे मिटूनही धार कुठे आहे ते बोटांना कळतं. मधोमध दोरीचा एक उंचवटा आहे, दोन हातांची जागा त्याने आपोआप ठरते. कातडं उजव्या तर्जनीखाली गुळगुळीत झालंय, बाकी शिवण शाबूत.

आता तक्रारी. हिवाळ्यात घरात हीटर चालू झाले, हवा कोरडी पडली आणि लाकूड आकसलं. चटईवर घाव पडला की मूठ खडखडायला लागली. जुन्या पद्धतीत टँगचं टोक पॉमेलवर ठोकून पसरवतात. ते दिसायला फार सुंदर, पण मग कसता येत नाही. माझ्याकडे टोकाला आटे आणि लपवलेला नट आहे, त्यामुळे पाव फेरा आवळून काम झालं. उन्हाळ्यात पुन्हा सैल करायची गरज पडली नाही. पहिल्यांदाच स्वतःची मूठ करत असाल तर नट घ्या, असं मी ठामपणे सांगेन.

दुसरी तक्रार हिरवी आहे. कातडं जिथे ब्राँझला भिडतं तिथे मेणासारखा हिरवा थर साचतो. कातड्यातलं तेल तांब्याशी लागून तो बनतो. लाकडी काडी आणि स्पिरिटने तो निघतो, पण पुन्हा येतो. हल्ली त्या सांध्यावर रेनेसान्स वॅक्स या धातू जपण्याच्या मेणाचा पातळ हात देते, तेव्हापासून बराच कमी आहे. बाकी ब्राँझ हाताच्या घामाने गडद तपकिरी झालंय, फक्त शरभाचे कान आणि सुळे चकाकतात. हे मला नवी असतानाच्या झळाळीपेक्षा कितीतरी जास्त आवडतं.

युरोपी पातं आणि दख्खनी मूठ ही जोडी आपल्याकडे जुनीच. फिरंग म्हणजे तेच, आणि त्यांत जर्मन पातीही होती. मात्र महाराष्ट्रात असं काही करायचं असेल तर १९५९ च्या शस्त्र कायद्याचे नियम आधी बघा. ९ इंचांपेक्षा लांब पात्याची शस्त्रं त्यांच्या यादीत येतात. धार नसलेली प्रतिकृती करायची असली तरी परवाना शाखेत विचारूनच पुढे जावं. इथे जर्मनीत प्रौढ माणूस ती घरी ठेवू शकतो, पण बाहेर नेताना बंद कुलपाच्या पेटीतच न्यावी लागते.

खर्च तयार तलवारीच्या साधारण दीडपट आला. म्यान अजून बाकी आहे: शरभाची डोकी पात्याकडे झुकलेली असल्याने म्यानाच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी खाचा द्याव्या लागणार आहेत, आणि त्यासाठी पुठ्ठ्याचा नमुना कापून तयार आहे.