तपकीर गल्लीतील लॅपटॉप दुरुस्ती : आधी मोजमाप, मग दर

चार्जर लावला तरी दिवा लागत नाही आणि बटण दाबले तरी पंखा फिरत नाही, अशा अवस्थेतील लॅपटॉपच्या माथी ‘मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किटचा पाट) गेला’ हे निदान फार लवकर मारले जाते. माझ्या हमीची मुदत संपलेल्या लॅपटॉपबाबत एका सेवा केंद्राने तेच सांगितले होते आणि नव्या बोर्डासाठी सत्तावीस हजार रुपयांचा अंदाज दिला होता. पुण्यातील तपकीर गल्लीतल्या या दुकानात तोच लॅपटॉप अडीच हजार रुपयांत सुरू झाला. रकमेतला फरक मोठा आहेच, पण येथे दोष ज्या क्रमाने शोधला गेला, त्यासाठी हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

दुकानात येण्यापूर्वी फोन केला, तेव्हा चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग केवळ चार्जरवर लॅपटॉप सुरू होतो का ते पाहा, असे त्यांनी सांगितले. बोर्डावर अडकून राहिलेला विद्युतभार त्यामुळे निघून जातो आणि बरेच ‘मृत’ लॅपटॉप एवढ्यानेच जिवंत होतात. गिऱ्हाईक दारात येण्याआधीच त्याला परतवू शकणारा सल्ला फुकट देणारा दुकानदार विरळाच. माझ्या बाबतीत उपयोग झाला नाही, म्हणून लॅपटॉप अडॅप्टरसह घेऊन गेले.

तंत्रज्ञाने स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी अडॅप्टर मागितला. मल्टिमीटरवर १९.५ व्होल्ट आले, म्हणजे अडॅप्टरवर छापलेला आकडा बरोबर मिळाला. तरीही त्याने तेवढ्यावर न थांबता अडॅप्टरला भार, म्हणजे वीज खाणारे उपकरण, जोडून पाहिला, कारण मोकळा असताना पूर्ण व्होल्टेज दाखवणारा आणि भार पडताच मान टाकणारा अडॅप्टर ही नित्याची गोष्ट आहे. त्यानंतर त्याने पिन लॅपटॉपमध्ये घातली आणि म्हणाला, “ताई, अडॅप्टरवरचा दिवा बघा.” पिन आत जाताच दिवा विझला, बाहेर काढल्यावर काही क्षणांत पुन्हा लागला. आत कुठेतरी शॉर्ट (वीज भलत्याच वाटेने थेट वाहून जाणे) असल्यामुळे अडॅप्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत होता. लॅपटॉपचा एकही स्क्रू न काढता दोष अडॅप्टरमध्ये नसून बोर्डाच्या बाजूला आहे, हे माझ्या डोळ्यांसमोर ठरले. हा दिवा घरीही पाहता येतो, हे मला तेथे प्रथमच कळले.

पुढचे काम काउंटरच्या मागे, पण माझ्या नजरेसमोर झाले. आतली बॅटरी सर्वप्रथम सुटी करण्यात आली, आणि चार्जरकडून येणारा विद्युतप्रवाह बोर्डावर जिथून पसरतो त्या मुख्य वाटेचा रोध (विजेला होणारा अडथळा) मोजला असता तो एका ओहमपेक्षाही कमी निघाला, म्हणजे शॉर्ट याच वाटेवर होता. मग टेबलावरच्या पॉवर सप्लायमधून त्या वाटेवर जेमतेम एक व्होल्ट सोडून त्याने बोर्डावर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा पातळ थर दिला. सगळा बोर्ड ओला असताना चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपजवळील तांदळाच्या कणीएवढा एक सिरॅमिक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) तेवढा पाहता पाहता कोरडा पडला. शॉर्ट झालेला घटक तापतो आणि त्याच्यावरचे अल्कोहोल सर्वांत आधी उडून जाते, एवढे साधे तत्त्व. तो कपॅसिटर काढताच रोध वर गेला. त्या जागी तितक्याच क्षमतेचा व व्होल्टेजचा नवा बसवला, आणि बटण दाबल्यावर सप्लायवरचा प्रवाहाचा आकडा शून्याच्या आसपासहून एक अँपिअरच्या दिशेने चढत गेला. जुना कपॅसिटर त्याने प्लास्टिकच्या छोट्या पुडीत घालून मला परत दिला. सत्तावीस हजारांचा बोर्ड ज्याच्यामुळे ‘गेला’ होता, तो भाग बोटाच्या चिमटीतही नीट धरता येत नाही.

लॅपटॉप सुरू झाला तरी बॅटरी शून्य टक्क्यांवरून हलेना. येथे नवी बॅटरी विकण्याची आयती संधी होती. ती न साधता तंत्रज्ञाने, सेल फार खाली उतरले की चार्जिंगचे सर्किट सुरुवातीला अगदी थोडा प्रवाह देते, असे सांगून थांबायला लावले, आणि काही वेळाने आकडा खरोखरच सरकू लागला. तेवढ्यात शेजारी एक विद्यार्थी टाइप-सी चार्जिंगची तक्रार घेऊन आला होता. त्याच्याकडे फोनचा चार्जर होता, वॉटचा आकडाही भरघोस होता. पण जलद चार्जिंगची ती पद्धत त्या कंपनीच्या फोनपुरतीच असल्याने लॅपटॉपला केवळ ५ व्होल्ट मिळत असल्याचे छोट्या मीटरवर दिसले. पॉवर डिलिव्हरी या टाइप-सीच्या सामायिक पद्धतीचा चार्जर जोडल्यावर मीटरने २० व्होल्ट दाखवले. त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. असा चार्जर घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघ, एवढे मात्र बजावले.

आता उणिवा. लॅपटॉप जमा करून घेताना दिलेल्या पावतीवर केवळ नाव आणि मॉडेल लिहिले होते. अनुक्रमांक, अडॅप्टर सोबत दिल्याची नोंद आणि अंदाजित खर्च हे सर्व मला मागून लिहून घ्यावे लागले. दुरुस्तीनंतर काही दिवस चाचणीसाठी ठेवतो म्हणाले, ते योग्यच, पण ‘उद्या देतो’चे पुढे अनेक उद्या झाले आणि प्रत्येक वेळी फोन मीच केला. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मागण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. चार्जिंगच्या दोषासाठी विंडोज उघडण्याची गरज नसते, विंडोजआधी उघडणाऱ्या बायोस या मूळ सेटिंगच्या पडद्यावरही बॅटरीची स्थिती बहुधा कळते. मी नकार दिला, तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, हे खरे. हमी तीन महिन्यांची आहे आणि ती बदललेल्या भागापुरतीच आहे, हे मात्र त्यांनी आधीच स्पष्ट केले होते. तपासणीचे तीनशे रुपये वेगळे पडतात, दुरुस्ती केल्यास ते बिलातून वजा होतात. वाहन गल्लीत नेण्याचा विचारही करू नये. मंडईच्या वाहनतळावर लावून चालत जाणे बरे.

आणखी एक गोष्ट नमूद करते. ज्यांच्या अडॅप्टरच्या टोकात मधोमध बारीक पिन असते, त्यांनी ती वाकलेली वा तुटलेली नाही ना, हे भिंग लावून पाहावे. डेल आणि एचपी यांच्या अनेक मॉडेलांत या पिनेवरून लॅपटॉप अडॅप्टरची ओळख पटवतो. ती ओळख न पटल्यास लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही किंवा यंत्र अकारण मंद होते. अशा वेळी बोर्डाला हात लावण्याची गरजच नसते, आणि या दुकानात तसे सांगून केवळ अडॅप्टर बदलून देतात, असे तेथे बसल्या बसल्या पाहिले.

माझी बॅटरी आता मूळ क्षमतेच्या निम्म्याहून थोडी अधिक भरते. ती फुगलेली नाही, त्यामुळे तूर्त बदलू नये, असे त्यांचे मत पडले. पुढे बदलायची झाल्यास मूळ कंपनीची आणि दुसऱ्या उत्पादकाची, अशा दोन्हींचे दर पावतीच्या मागे लिहून दिले आहेत.