जेलमधला नेता: आर्डेन-क्लार्क विरुद्ध रेनिसन

दोन ब्रिटिश गव्हर्नर, प्रॉब्लेम सेम, पण डोकं वेगळं. गोल्ड कोस्टला (आताचं घाना) चार्ल्स आर्डेन-क्लार्क, त्याच्या काळातच तिथला स्वातंत्र्याचा नेता एन्क्रुमा जेलमध्ये गेला, पण फेब्रुवारी १९५१ च्या निवडणुकीत त्याच्या पार्टीने ३८ पैकी ३४ जागा मारल्या, स्वतः तो जेलमधून अक्रात निवडून आला, मग आर्डेन-क्लार्कने इगो बाजूला ठेवला, त्याला सोडलं आणि सरळ सरकार चालवायला बोलावलं! पुढे दोघांचं चांगलं जमलं, १९५२ ला एन्क्रुमा पंतप्रधान, ६ मार्च १९५७ ला स्वातंत्र्य, आणि पहिला गव्हर्नर-जनरल कोण तर हाच आर्डेन-क्लार्क.

केनियात पॅट्रिक रेनिसन. १९६० मध्ये तो अटकेत असलेल्या केन्याटाला, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्याच्या नेत्याला, जाहीरपणे अंधार आणि मृत्यूकडे नेणारा नेता म्हणाला. आता असं बोलल्यावर मागे कसं फिरणार? १९६१ च्या निवडणुकीत केन्याटाला मानणारी कानू पार्टी जिंकली, पण म्हणाली केन्याटा सुटल्याशिवाय सरकार बनवणार नाही. ऑगस्टमध्ये सोडावंच लागलं. शेवटी लंडनने रेनिसनलाच हलवलं, नवा गव्हर्नर माल्कम मॅकडोनाल्ड आला आणि डिसेंबर १९६३ ला केनिया मोकळा.

मला विचाराल तर आर्डेन-क्लार्क काही संत नव्हता, त्याला फक्त आकडे वाचता येत होते.