पिअर सपोर्टचं काम: रुग्णालयाच्या टीममध्ये की स्वमदत गटात?

गेल्या काही महिन्यांत तीन जणांनी मला हाच प्रश्न विचारला. तिघंही शुभार्थी, म्हणजे मानसिक आजारातून गेलेले, तिघांचंही प्रशिक्षण झालेलं, आणि तिघांपुढेही पर्याय तेच: रुग्णालयाच्या टीममध्ये पिअर सपोर्टर म्हणून, म्हणजे स्वतःच्या अनुभवाच्या बळावर दुसऱ्या रुग्णांना आधार देणारा म्हणून, नोकरी धरायची, की शुभार्थींनीच चालवलेल्या गटात काम करायचं. मी आधी अडीच वर्षं रुग्णालयात होतो आणि गेली चार वर्षं गटात आहे. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपणार नाही. तरी रुग्णालयाची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर भक्कम आहे.

पगार दर महिन्याला येतो, हे तर आहेच. पण आजारातून उठलेल्या माणसाला पगाराइतकाच उपयोग होतो तो ठरलेल्या वेळेचा. सकाळी अमुक वाजता पोचायचं म्हटलं की झोपेची, औषधांची, जेवणाची घडी आपोआप बसते. माझी तरी बसली. दुसरं म्हणजे, माणूस सगळ्यात खचलेला असतो तेव्हा तो तुम्हाला वॉर्डमध्येच भेटतो. गटापर्यंत येणारा माणूस निदान घराबाहेर पडण्याइतका सावरलेला असतो. भरतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, छताकडे बघत पडलेल्या माणसाशेजारी बसून 'मीही असाच पडून होतो' एवढं म्हणता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. माझ्या भरतीच्या वेळी असं म्हणणारं कुणी नव्हतं.

ही कल्पना नवी नाही. मनोरुग्णांवर उपचार करणारा फ्रेंच डॉक्टर फिलिप पिनेल १७९३ मध्ये पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात रुजू झाला, तेव्हा तिथला व्यवस्थापक झां-बाप्तिस्त प्यूसँ बरे झालेल्या रुग्णांनाच परिचर म्हणून कामाला घेत होता. प्यूसँ स्वतःही एके काळी तिथेच उपचार घेत होता. आणि 'आपल्याला पदवी नाही, टीममध्ये आपण काय करणार' असं वाटत असेल, तर २०१३ च्या कोक्रेन आढाव्याकडे बघा (कोक्रेन म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था). ११ चाचण्या, जवळजवळ २,८०० माणसं. तशाच कामावर स्वानुभवी माणूस असो वा व्यावसायिक, रुग्णांच्या बाबतीत निष्पन्न साधारण सारखंच आलं. पुरावा फार बळकट नाही हे त्या आढाव्यातच म्हटलंय, पण बिचकण्याचं कारण नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

मग मी का सोडलं? केसपेपरमुळे.

प्रत्येक भेटीची नोंद त्याच दिवशी करायची, हा नियम. नियमात चूक काढता येत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्याने १९९९ मध्ये पिअर सपोर्टचे पैसे मेडिकेडमधून, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून, मिळवायला सुरुवात केली आणि हे काम पगारी व्यवसाय म्हणून उभं राहायला लागलं. पण पैसे आले की हिशेब येतो. तिथे ही सेवा पंधरा-पंधरा मिनिटांच्या एककात मोजली जाते, ती उपचार योजनेत बसावी लागते, आणि वर सुपरव्हिजन लागतं. इतर ठिकाणी कागद वेगळे असतील, तऱ्हा बहुधा हीच. आमच्या फॉर्मवर 'हस्तक्षेपाचा प्रकार' असा रकाना होता. आम्ही दोघं अर्धा तास खिडकीपाशी नुसते बसलो होतो, हे त्यात कुठे लिहायचं? मी 'भावनिक आधार' वर खूण करायचो.

ते चालवून घेतलं असतं. एका प्रसंगानंतर मात्र जमेना. वॉर्डमध्ये पन्नाशीतले एक गृहस्थ होते, कुणाशी फारसं न बोलणारे. दोन आठवडे मी त्यांच्यासोबत रोज फेऱ्या मारत होतो. एका संध्याकाळी ते म्हणाले, "या वेळेला आईचा आवाज येतो. जेवलास का, विचारते. तेवढंच बरं वाटतं." आई जाऊन खूप वर्षं झाली होती. मी ऐकून घेतलं, माझ्या आजारातल्या एका आवाजाबद्दल त्यांना सांगितलं, आणि नंतर खाली जाऊन नोंद केली. रकाना 'लक्षणे' असा होता. मी लिहिलं: श्रवणभ्रम कायम.

दुसऱ्या दिवशी राउंडमध्ये डोस वाढवायचा विषय निघाला. डॉक्टरांचं काही चुकलं नाही. समोर जे लिहिलेलं होतं त्यावरून तोच विचार येणार. ते गृहस्थ डॉक्टरांकडे नव्हे, माझ्याकडे बघत होते. दुपारी मी गेलो तेव्हा एवढंच म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगितलं होतं." डिस्चार्ज होईपर्यंत ते माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलले नाहीत.

मला हे जास्त लागायचं कारण आहे. माझ्या स्वतःच्या जुन्या फाइलमध्ये मी एकदा वाचलं होतं: 'रुग्ण सहकार्य करत नाही.' त्या दिवशी मी तीन रात्री झोपलेलो नव्हतो आणि मला बोलायचं नव्हतं, इतकंच. आता तसंच वाक्य मी दुसऱ्याबद्दल लिहिलं होतं, आणि तेही त्याच्या मागे.

गटात कागद जवळजवळ नाही. हजेरीपुरती पहिली नावं, बस. बैठकीच्या सुरुवातीला एक गोष्ट मात्र सगळ्यांसमोर मोठ्याने सांगतो: इथलं इथेच राहील, पण कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर गप्प बसणार नाही, आणि जे करू ते तुम्हाला सांगून करू. ही अट आधी माहीत असली की माणूस काय सांगायचं ते स्वतः ठरवतो. वॉर्डमधल्या त्या गृहस्थांना ही संधी मी दिलीच नव्हती.

आवाजांबद्दल गटात जसं बोललं जातं तसं मी कुठल्याच टीममध्ये ऐकलं नाही. याच्या मागेही इतिहास आहे. १९८७ च्या सुमारास मानसोपचारतज्ज्ञ मारियुस रोमे आणि त्यांची एक रुग्ण डच टीव्हीवर आले आणि आवाज ऐकू येणाऱ्यांना संपर्क करायला सांगितलं. सुमारे ७०० जणांनी संपर्क केला. त्यातल्या ४५० जणांना आवाज ऐकू येत होते, आणि बरेच जण त्या आवाजांसकट नीट जगत होते. त्यातून उभ्या राहिलेल्या गटांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या आपल्या मार्गदर्शनात चांगल्या सेवांमध्ये केला आहे.

गटाच्या अडचणी लपवत नाही. पैसा तुटपुंजा आणि बेभरवशाचा. मला जोडीला दुसरं काम करावं लागतं. बढती वगैरे नाही. रात्री-बेरात्री फोन येतात आणि 'माझी ड्यूटी संपली' म्हणायला इथे ड्यूटीच नसते, त्यामुळे हद्द आपली आपण आखावी लागते. मला ती आखायला वर्ष गेलं. कुणी एकदम बिघडलं तर हाताशी नर्स नाही, डॉक्टर नाही. कुणाला कुठे न्यायचं याची तयारी आधीच हवी. माझी स्वतःची तब्येत मध्ये दोन महिने घसरली तेव्हा रुग्णालयात असतो तर पगारी रजा मिळाली असती. गटात ती नव्हती. पण दोघा जणांनी बैठका चालवल्या, आणि परत आलो तेव्हा कुणी माझ्याकडे निरखून बघितलं नाही. टीममध्ये मी साधा सर्दीने घरी राहिलो तरी परतल्यावर 'सगळं ठीक ना?' या प्रश्नाचा सूर वेगळा असायचा.

तुमच्यावर घर अवलंबून असेल, किंवा आजारातून नुकतेच उठला असाल आणि दिवसाला चौकट हवी असेल, तर रुग्णालय घ्या. मनापासून सांगतोय. फक्त एकटे पिअर सपोर्टर म्हणून जाऊ नका. टीममध्ये तुमच्यासारखं आणखी एक जण तरी असेल असं बघा. पैशांची थोडीफार सोय असेल आणि माणसांचं बोलणं त्यांच्यापाशीच राहावं असं वाटत असेल, तर गटात या.

आणि मुलाखतीत एक प्रश्न विचाराच: मी लिहिलेली नोंद त्या माणसाला वाचायला मिळेल का? काही ठिकाणी आता नोंद त्या व्यक्तीसोबत बसून, तिच्याच शब्दांत लिहितात. उत्तर 'हो' आलं तर मला जरूर कळवा. अशा ठिकाणी जागा असेल, तर मीही एकदा जाऊन बोलून येईन म्हणतो.