पीअरट्यूबवर तीन महिने

पीअरट्यूब हे यूट्यूबसारखे एखादे संकेतस्थळ नसून व्हिडिओ ठेवण्यासाठी व दाखवण्यासाठी कोणालाही स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे, हे आधी ध्यानात घेतले नाही तर पहिल्याच दिवशी हिरमोड होतो. फ्रान्समधील फ्रामासॉफ्ट ही ना-नफा संस्था ते विकसित करते आणि लोकवर्गणीच्या बळावर २०१८ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. त्याच वर्षी यूट्यूबवर आपले व्हिडिओ अडवले गेल्यावर ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचे मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेने स्वतःचा पीअरट्यूब सर्व्हर उभा केला. असे स्वतंत्र सर्व्हर अॅक्टिव्हिटीपब या सामाईक नियमावलीने एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावरील माणूससुद्धा तेथील व्हिडिओवर प्रतिक्रिया देऊ शकतो.

गच्चीवरील भाजीपाल्याचे माझे व्हिडिओ मी एका लहान सर्व्हरवर ठेवले. नोंदणी करताना ‘येथे का यायचे आहे?’ असे विचारले गेले, मी चार ओळी लिहिल्या आणि दुसऱ्या दिवशी परवानगी मिळाली. यंत्राने नव्हे, माणसाने त्या वाचल्या याचे मला फार अप्रूप वाटले. एकच व्हिडिओ अनेक जण पाहत असतील तर त्याचे तुकडे प्रेक्षकांच्या ब्राउझरमधून परस्पर पोहोचतात आणि सर्व्हरवरील भार हलका होतो. घरातील दोन संगणकांवर एकच व्हिडिओ लावला तेव्हा प्लेअरच्या पट्टीवर जोडलेल्या प्रेक्षकाचा आकडा मला दिसला. यात आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील आपल्या जोडणीचा क्रमांक, इतर प्रेक्षकांना कळू शकतो. ज्यांना ते नको असेल त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन ही देवाणघेवाण बंद करावी.

जाहिराती नाहीत, त्यामुळे त्यांचे उत्पन्नही नाही. व्हिडिओखालील ‘सपोर्ट’ बटणामागे मी यूपीआय पत्ता लिहिला, तीन महिन्यांत दोघांनी पैसे पाठवले. मराठी प्रेक्षक येथे अगदी थोडे आहेत, म्हणून ज्याची चूल व्हिडिओंवर पेटते त्याने केवळ यावर विसंबू नये.

मात्र आपले काम आपल्याच ताब्यात राहावे असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी अवश्य यावे, फक्त सर्व्हर कोण चालवतो, त्याचा खर्च कसा भागतो आणि जागा किती मिळते हे तेथील माहितीच्या पानावर आधी वाचावे. माझी जागा अकराव्या व्हिडिओलाच संपली. पदरमोड करून सर्व्हर चालवणाऱ्याकडे जास्त मागणे मला योग्य वाटले नाही. खात्याची निर्यात करण्याची सोय तेथे सुरू होती, म्हणून सगळे व्हिडिओ एका झिप फाइलमध्ये उतरवून मी दुसऱ्या सर्व्हरवर नेले आणि शीर्षके व वर्णनेही सोबत आली.