धरमपेठमधला सिस्मिक इन्व्हर्जनचा वीकेंड क्लास : जा, पण गणित घासून जा

जिऑलॉजीवाल्यांसाठी सांगून राहिलो, क्लास भारी आहे. सिस्मिक इन्व्हर्जन म्हणजे जमिनीत सोडलेल्या लाटा परत येतात त्यावरून खालचे खडक कसे आहेत ते काढणं. सर आधी सॉफ्टवेअर उघडतच नाहीत, घनता गुणिले वेग म्हणजे इम्पिडन्स, दोन थरांच्या इम्पिडन्समध्ये फरक असला का लाट परत फिरते आणि आपल्याला त्या लाटेवरून उलटं थरांकडे जायचंय, हे बोर्डावर इतकं घोटून घेतात का बस. मग सरावाला नेदरलँड्सच्या समुद्रातल्या एफ-थ्री ब्लॉकचा फुकट मिळणारा डेटा. वेव्हलेट (म्हणजे सोडलेल्या लाटेचा आकार) चुकला का सगळंच बोंबलते, हे स्वतः करून पाहिल्यावरच समजते. सगळ्यात आवडलं ते लो फ्रिक्वेन्सीचं, सिस्मिकमध्ये खालचे काही हर्ट्झ नसतातच, ते विहिरीच्या लॉगवरून (म्हणजे बोअरमध्ये उपकरण सोडून घेतलेल्या मोजमापांवरून) भरावे लागतात, म्हणून विहिरीपासून दूर गेलं का भरवसा कमी. इम्पिडन्स कमी दिसला म्हणून लगेच गॅस म्हणू नका, नुसती सच्छिद्रता जास्त असू शकते, शेल (चिखलाचा झालेला खडक) पण असू शकते. बसाल्टखालचं (आपल्याकडच्या काळ्या दगडाखालचं) का दिसत नाही हे पण विचारलं (नागपूरकर विचारणारच नं), तर म्हणे बरीच ऊर्जा वरूनच परत फिरते. शिअर वेव्हचा (आडव्या हलणाऱ्या लाटेचा) भाग मात्र घाईत उरकला राव, आतला द्रव ओळखायला तोच तर लागते! एसी नावालाच आहे, मे महिन्यातली बॅच घेऊ नका.