फोंड्यातला समावेशक नृत्यवर्ग : गोफ उत्तम, रॅम्प धोक्याचा

चाकाच्या खुर्चीवरचा नर्तक मधोमध ठेवायचा, बाकीच्यांनी भोवती फेर धरायचा आणि टाळ्या घ्यायच्या, असे ‘समावेशक’ नाच पुष्कळ दिसतात. गोव्यातल्या फोंड्यात दर शनिवारी भरणाऱ्या या वर्गात खुर्ची फेरातच फिरते. वर्ग चालवणाऱ्या नृत्यदिग्दर्शिकेची (सगळे त्यांना ताई म्हणतात) समज पाहायची तर त्यांनी बसवलेला गोफ पाहावा.

गोफ या गोव्यातल्या लोकनृत्यात वर बांधलेला एकेक दोर धरून नर्तक एकमेकांना आळीपाळीने आतून-बाहेरून ओलांडतात, वेणी विणतात आणि उलट फिरून ती उसवतात. खुर्ची चालवायला मात्र दोन्ही हात चाकांवर लागतात. एकाच हाताने रेटली तर ती वळते. दोर खुर्चीच्या पाठीला बांधला, तर वेणी चढते तशी खुर्ची मागे ओढली जाते. ताईंनी हे ठेक्यातच सोडवलंय. पहिल्या दोन मात्रांना चाकांना रेटा, पुढच्या दोन मात्रा खुर्ची आपसूक घरंगळते आणि दोराचा हात वर जातो. उभ्या नर्तकांनाही हीच चाल दिली आहे, त्यामुळे सगळा फेर एका लयीत पुढे सरकतो. दोर मनगटावरच्या वेल्क्रो पट्ट्याला असतो, झटका बसला तर सुटतो. बसलेल्याचा हात दीड-दोन फूट खाली असल्याने त्याचा दोर तेवढा लांब हवा. पण हा जादा दोर सुरुवातीला जमिनीवर लोळतो आणि खुर्चीच्या पुढच्या छोट्या चाकात अडकतो. म्हणून त्याचे दोन वेढे तळहातात सैल धरायचे आणि वेणी वाढेल तसे सोडायचे. उसवायच्या वेळी खुर्ची जागेवर वळवायला साधारण दीड मीटरचं वर्तुळ आणि चार मात्रा जास्त लागतात. त्या चार मात्रा घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवणारा भरून काढतो, प्रेक्षकांना खंड जाणवतही नाही.

ऐकू न येणाऱ्यांना नवा ठेका देताना घुमटाच्या मातीच्या अंगावर तळवा ठेवायला सांगतात. स्पीकरची कंपनं पायांना लाकडी जमिनीवर जाणवतात, इथल्या फरशीवर नाही. दृष्टिहीनांसाठी चिकटपट्टीखाली सुतळी घालून फेराची कड पायाला लागेल अशी केली आहे. ती चाकांनी उखडते, दर शनिवारी तपासायला हवी.

शरीराच्या बाबतीत ताई कडक आहेत आणि ते योग्यच आहे. डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या मानेचे वरचे सांधे सैल असू शकतात, म्हणून डॉक्टरांचा होकार येईपर्यंत कोलांटी आणि मानेवर भार येणाऱ्या हालचाली बंद. खुर्चीवरच्यांना मध्येमध्ये हातांवर भार देऊन बूड उचलायला लावतात, नाहीतर एकाच जागी दाब येऊन जखम होते. विचारल्याशिवाय कोणाच्या खुर्चीला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगतात.

जागा मात्र निराश करते. दारात सुमारे तीस सेंटिमीटरची चढण आहे. एकास बारा या प्रमाणाने तिथे ३.६ मीटरचा रॅम्प लागतो. आहे ती फळी त्याच्या निम्मीच. उतरताना खुर्ची पाठमोरी धरून न्यावी लागते. पावसाळ्यात ओल धरलेल्या फरशीवर चाकं घसरतात, आणि कोणी टाल्कम पावडर टाकली तर आणखीच. कोरडं फडकं, हाच उपाय.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. मदतनीस सगळे उभे राहून नाचणारे. शिकवण्याची जबाबदारी एकाही दिव्यांग नर्तकाकडे नाही. लंडनची कॅनडोको ही नृत्यसंस्था १९९१ साली अ‍ॅडम बेंजामिन यांच्यासह उभारणाऱ्या सेलेस्ट डँडेकर रंगमंचावरच्या अपघातानंतर स्वतः चाकाची खुर्ची वापरत होत्या. ताईंकडे गोफाची दुसरी फळी सांभाळू शकतील असे दोघे-तिघे तयार आहेत. त्यांच्याकडे सरावाचा पहिला अर्धा तास द्यावा, आणि शिगम्याच्या कार्यक्रमांचं मानधन सगळ्यांना सारखं वाटावं.

जाणाऱ्यांनी घट्ट बाह्यांचे कपडे घालावेत, लोंबती ओढणी नको. घडीची खुर्ची रिक्षात मावते. मोटारवर चालणारी असेल तर ताईंना आधी कळवा, त्या फळीवरून ती नेणं धोक्याचं आहे.