गावच्या ग्रुपवरचे खोडसाळ आणि व्हॉट्सअॅप कम्युनिटी: कुठे चालते, कुठे अडते

अर्धा गाव सिंधुदुर्गात, अर्धा मुंबई-ठाण्यात, आणि भांडण मात्र एकाच ग्रुपवर. अशा गावाला साध्या ग्रुपपेक्षा कम्युनिटी बरी, म्हणजे एका छत्राखाली अनेक ग्रुप. तिच्या अनाउन्समेंट, म्हणजे सूचनांच्या, ग्रुपवर नवीन मेसेज फक्त अॅडमिन टाकतो आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. साध्या ग्रुपमध्ये ते सगळ्यांना दिसतात. मग ग्रुपवर दटावलेला माणूस रात्री कुणाच्या तरी सुनेला खासगीत मेसेज टाकतो. म्हणून टँकर, लाइट, पालखीची वेळ अनाउन्समेंटवर ठेवा आणि गजालीचा, म्हणजे गप्पांचा, ग्रुप वेगळा काढा. तिथे नंबर दिसणारच, ते नको असलेल्यांनी त्यात येऊ नये.

आता माणूस ओळखणे. "वाडीत चार दिवस पाणी नाही" म्हणणारा तिखट बोलतो, पण नळाला पाणी आले की थांबतो. खोडसाळाला उत्तर नकोच असते. देवळाच्या दुरुस्तीचा हिशोब टाकला की तो विचारतो, "बिलां खंय?" बिलांचे फोटो टाकले की, "ठेकेदार कोणाचो मेवणो?" पुढचा बाण मानकऱ्यांवर. प्रश्न असा सरकू लागला की ओळखा. आकड्यांसकट एकदाच उत्तर द्यायचे, दुसऱ्यांदा नाही.

हाताळायचा क्रम असा. आधी स्क्रीनशॉट, नंबर आणि वेळ दिसेल असा. मग मेसेज दाबून धरून 'सगळ्यांसाठी डिलीट'. तो कुठल्या अॅडमिनने काढला हे सगळ्यांना दिसते, त्यामुळे शिव्या खायची तयारी हवी. रिपोर्ट केल्यास शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, समोरच्याला कळत नाही. काढलेला माणूस दुसऱ्या सिमवरून जुन्या लिंकने परत येतो. म्हणून काढल्या काढल्या लिंक रीसेट करा आणि नवीन सभासदांना अॅडमिनची मंजुरी सक्तीची करा. ही दोन कामे विसरली की बाकी सगळी मेहनत फुकट. धमकी किंवा बाईमाणसाचे फोटो आले तर ग्रुपवर चर्चा नकोच, थेट पोलीस ठाणे नाहीतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल.

"अॅडमिनलाच आत टाकतील" ही भीती मात्र अर्धीच खरी. दुसऱ्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसल्याशिवाय, अॅडमिन जबाबदार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटले आहे.

मोठी उणीव एकच, आणि तिच्यासाठी आम्ही दीड तारा कापतो: एकट्या सभासदाचे तोंड बंद करायची सोय नाही. त्याला काढा, नाहीतर सगळ्यांनाच बंद करा. शिमग्यात पालखीच्या मानावरून पेटले की 'फक्त अॅडमिन' लावून ग्रुप सकाळपर्यंत कुलूपबंद करता येतो, पण मग रात्रीच्या गाडीने निघालेल्या चाकरमान्याचा "नाक्यावर रिक्षा मिळेल काय?" हा प्रश्नही तिथेच अडकतो.